गुरुवारचं जेल

माझ्या धंद्यातल्या मुख्य वस्तूचं नाव जेल. यवतमाळात हा शब्द काढला की लोकांच्या डोळ्यांपुढे जी इमारत उभी राहते, तिचा आणि माझ्या जेलचा काही संबंध नाही, हे सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासरेबुवांनी मोठ्या कौतुकानं एका पाहुण्याला सांगितलं, "आमचे जावई जेलात असतात." तो पाहुणा चहाचा कप घेऊन उठला आणि दुसऱ्या खाटेवर जाऊन बसला. फोनवर मी "जेल लावलंय, उशीर होईल" म्हणालो की बसमधली माणसं वळून बघायची.

दोन्हींचा संबंध नाही असं मी म्हणत होतो, ते खोटं होतं. एका माणसाच्या बाबतीत तर फारच खोटं. मी फारसं बोलणारा माणूस नाही. लॅबमध्ये बोलायची गरजही पडत नाही, नळ्यांशी काय बोलणार? पण ही गोष्ट आता लिहून टाकतो.

आधी काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

समुद्री शेवाळापासून केलेली एक पांढरी पावडर पाण्यात उकळायची आणि ट्रेमध्ये ओतायची. निवली की खरवसासारखी थरथरती वडी तयार होते. डोळ्यांना ती काचेसारखी दिसते, पण आत सगळी बारीक जाळी असते. वडीच्या एका कडेला खाचा पाडलेल्या असतात. प्रत्येक खाचेत एकेक नमुना, म्हणजे रक्तातून, मांसातून किंवा पानातून काढलेला डीएनए सोडायचा आणि दोन टोकांना वीज लावायची. वीज डीएनएला आपल्याकडे ओढते आणि ते रेणू जाळीतून वाट काढत निघतात. आखूड तुकडे झपाझप पुढे जातात, लांब मागे राहतात. नंतर रंग देऊन खास दिव्याखाली धरलं की जागोजागी पट्टे चमकतात. एका खाचेत आम्ही ठरावीक लांब्यांच्या तुकड्यांचं मिश्रण घालतो, त्याला म्हणतो शिडी. शिडीच्या कोणत्या पायरीसमोर आपला पट्टा बसला, ते बघायचं. झालं काम.

पण हे अर्धं काम झालं. जाळीतून जाताना लांबीइतकाच आकारही मोजला जातो. आमची लॅब एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत होती आणि दरवर्षी पोरं प्रॅक्टिकलला यायची. त्यांना मी एक गंमत दाखवायचो. जिवाणूंच्या पोटात डीएनएची छोटी कडी असते. त्या कडीचं पाणी मी जेलमध्ये सोडायचो आणि पट्टे उमटायचे तीन. पोरं म्हणायची, "सर, भेसळ आहे."

"भेसळ नाही. एकच माणूस तीन तऱ्हेनं चालतोय."

मग मी खिशातून सुताचं वेटोळं काढायचो. कडीला पीळ बसून ती घट्ट गुंडाळली गेली की मुठीएवढी होते, म्हणून सर्वांत पुढे पळते. कुठंतरी कापली गेली तर तिचा सरळ दोरा होतो. तो सापासारखा, तोंड मिळेल त्या भोकात शिरतो आणि मागचं अंग त्याच वाटेनं ओढून नेतो. तो मधोमध राहतो. आणि पीळ सुटून सैल वर्तुळ झालं, तर त्याला शिरायला तोंडच नसतं. खिळ्याला अडकलेल्या बांगडीसारखं ते जाळीच्या दांड्यांना अडकत सगळ्यांच्या मागून येतं. लांबी तीच, वजन तेच, फक्त बसण्याची तऱ्हा वेगळी. "म्हणून नुसत्या पट्ट्यावर विश्वास ठेवायचा नाही," मी सांगायचो. "शेजारी ओळखीचा माणूस उभा करायचा आणि मगच बोलायचं."

हे मी दरवर्षी शिकवत होतो. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

लॅबमध्ये गमतीची गिऱ्हाइकं खूप आली. नेरचा एक माणूस लग्नाच्या पंगतीतलं चोखलेलं हाड रुमालात बांधून घेऊन आला होता. "बोकड सांगून मेंढी चारली," म्हणे, "व्याह्याले तोंडावर दाखवाचं हाये." मी त्याला समजावलं की व्याही जन्मभर पुरतो आणि हाडाचा रिपोर्ट दोन दिवसांत जुना होतो. तो पटल्यासारखं करून हाड तिथंच ठेवून गेला. असल्या गोष्टींत मी हुशार होतो.

वनखात्याचे नमुनेही आमच्याकडे यायचे. मोठ्या प्रयोगशाळेत नंबर लागायला वेळ लागायचा, म्हणून काही मांस आमच्या वाट्याला. हे चितळाचं की बकऱ्याचं, एवढंच सांगायचं असायचं; आम्ही मोजायचो तो तुकडा चितळाचा लांब, बकऱ्याचा आखूड. उमरखेडच्या खाली पैनगंगेचं जंगल आहे. त्या रस्त्यावरच्या एका जेवणाच्या हॉटेलातून जप्त केलेलं मटण एका हिवाळ्यात आमच्याकडे आलं. हॉटेलवाल्याचं नाव समजा प्रल्हाद. तो कोठडीत होता. रिपोर्ट आल्याशिवाय जामिनाचं काही ठरत नव्हतं.

रिपोर्टच्या आधी त्याची बायको आली. उमरखेडहून निघून महागावला गाडी बदलून आलेली, खांद्यावर पिशवी, दारातूनच मोठ्यानं म्हणाली, "जयभीम. जेलवाले साहेब तुमीच का?"

"हो."

"मी वंदना. प्रल्हादची घरवाली. मानूस टाकला तिकडल्या जेलात न मटन टाकलं तुमच्या जेलात. आधी कोन सुटते तेवढं सांगा."

मला हसू आलं. ते दाबून मी नियम सांगितला, आरोपीच्या घरच्यांशी बोलता येत नाही.

"मी कोठं विचारून राह्यली? मी तं सांगून राह्यली. बकऱ्याचं हाये ते. माया भावानं कापलं, सुदामनं. मी सोताच्या हातानं धुतलं. चितळ असतं तं मले समजलं नसतं का?"

"मशीन सांगेल काय ते."

"मंग मशीनले चाखाले द्या ना थोडंसं. पाठवू का रस्सा?"

जाताना तिनं सुदामबद्दल सांगितलं. नदीकाठच्या गावात तो शेरडं पाळायचा. रविवारी एक बकरा कापायचा आणि पळसाच्या पानांवर वाटे घालायचा. वाटे घेणाऱ्यांतला एक जण पाठ फिरवून उभा राहायचा. सुदाम एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस नाव घ्यायचा आणि तो वाटा त्याचा. म्हणजे कुणाला चांगला, कुणाला वाईट, असा बोलच नको. शेवटी उरेल तो सुदामचा. एक मांडी मात्र बहिणीच्या हॉटेलसाठी आधीच बाजूला. "त्याच्या वाट्यात कोनी आजवर खोट काहाडली नाही," ती म्हणाली.

आता तो गुरुवार.

बुधवारी मी मांस कुटून त्यातून डीएनए काढला होता. गुरुवारी जेल लावायचं, शुक्रवारी रिपोर्ट कोर्टात. नळ्या काढल्या तर चितळाची ओळखीची, म्हणजे शेजारी लावायच्या खात्रीच्या नमुन्याची, नळी होती आणि बकऱ्याची संपलेली. तळाला थेंबसुद्धा नाही. नवीन करायची तर मटण मार्केट हाकेच्या अंतरावर होतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरला असता. यवतमाळात आणि बकरा मिळत नाही, असं कुणी म्हणेल का?

पण तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. घरी बायकोनं घट मांडला होता. सकाळी पाच झाडांची पानं मीच आणून दिली होती. त्या दिवशी मटणाला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात सांगावंही लागत नाही. आदल्या दिवशीचं मांस आता नळीतलं स्वच्छ पाणी झालं होतं, त्याचा विटाळ नव्हता. ताजं मटण मात्र चिरावं, कुटावं लागलं असतं. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. बकऱ्याशिवाय उद्या रिपोर्ट निघणार नाही, असं म्हणता आलं असतं. मी काहीच केलं नाही. आळसाला उपवासाचं सोवळं नेसवलं आणि मनाशी म्हटलं, शिडी आहे, चितळ आहे, पुरे झालं.

त्या वर्षी आम्ही जेलही बदललं होतं. शेवाळाची जाळी ढोबळ असते. थोड्या फरकानं लहान-मोठे तुकडे वेगळे काढायचे तर रसायनाचं दाट जेल लागतं, काचेच्या दोन तावदानांत ओतलेलं. आम्ही त्याला बारीक जेल म्हणायचो. त्याची एक खोड असते. वीज जोरात लावली की ते मध्ये तापतं, मधले पट्टे पुढे धावतात, कडेचे मागे राहतात आणि सगळी ओळ ओठांसारखी वाकते. आमच्या भाषेत जेल हसलं. लॅबच्या प्रमुखांना, आमच्या सरांना, हसलेलं जेल चालायचं नाही. "कोर्टात फोटो जातो," ते म्हणायचे, "पट्टे फूटपट्टीनं ओढल्यासारखे पाहिजेत." म्हणून मी टाकीत बर्फाच्या पिशव्या ठेवायचो. त्या दिवशीही ठेवल्या. डिसेंबरातला गारठा, उत्तरेच्या खिडकीची खोली आणि वर बर्फ. बोटं वाकत नव्हती.

फोटो फार सुंदर आला. प्रल्हादच्या मटणाचा पट्टा चितळाच्या पट्ट्याला अगदी खांद्याला खांदा लावून उभा होता. मी लिहिलं: चितळ. सरांनी सही केली.

प्रल्हादचा जामीन अडकला. मटण सुदामकडून घेतलं, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं, म्हणून रिपोर्टनंतर सुदामलाही उचललं. दोघं एकाच जेलात गेले, आणि तिथं प्रल्हादनं साळ्याशी बोलणं टाकलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पुढच्या नळीकडे वळलेलो होतो.

मे महिन्यात दुसऱ्या एका केससाठी मी बकऱ्याची नवीन नळी करून बारीक जेल लावलं. एक खाच रिकामी उरत होती. प्रल्हादचा नमुना फ्रीजरात होताच, तो त्या खाचेत सोडला. का सोडला? खाच रिकामी ठेवायला जीव होत नाही, एवढंच. वीज दिवसभर येत-जात होती, बर्फाचं पाणी झालेलं होतं. भिंतीला पाठ टेकवत नव्हती इतकं ऊन. जेल बर्फाविनाच चाललं आणि हसलंही. पण हसलेल्या ओळीतही दिसायचं ते दिसलं. प्रल्हादचं मटण ओळखीच्या बकऱ्याच्या शेजारी उभं होतं. चितळ दोघांच्या कितीतरी मागे.

मला आधी वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमधून बर्फाची लादी आणली, फोडून टाकीत भरली आणि तेच नमुने पुन्हा लावले. बर्फात बकरा मागे हटला. प्रल्हादचं मटणही मागे हटलं. दोघं जाऊन चितळाच्या ओळीत उभे राहिले.

त्याचं कारण असं. डीएनएचे सगळे तुकडे सरळ नसतात. आतल्या अक्षरांची मांडणी काही विशिष्ट प्रकारची असली तर तुकडा मुळातच वाकडा असतो, कोयत्याच्या पात्यासारखा. वाढलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरातून सरळ काठी घेऊन चला, ओळींमधून निघून जाल. तेवढ्याच लांबीची वाकडी फांदी घेऊन चला, पावलापावलाला अडकेल. बकऱ्याचा जो तुकडा आम्ही मोजत होतो, तो असा वाकडा होता. उन्हाळ्यात ऊब लागून तो सैलावतो, सरळ होतो आणि आपल्या लांबीप्रमाणे पुढे निघतो. थंडीत त्याचा बाक ताठर होतो, तो जाळीत अडखळतो आणि खऱ्या लांबीपेक्षा मोठा भासतो. थेट चितळाएवढा. शेवाळाच्या ढोबळ जाळीत हा फरक जाणवत नव्हता. बारीक जेलमध्ये, बर्फात, जाणवत होता. त्या गुरुवारी ओळखीचा बकरा शेजारी असता तर तोही चितळाशेजारी उभा राहिला असता, आणि मी म्हणालो असतो, थांबा, हे जेल काहीच सांगत नाही.

मी दोन्ही जेलचे फोटो घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाहिले. माणूस वाईट नव्हता.

"आपण खोटं लिहिलं का?" त्यांनी विचारलं. "जे दिसलं ते लिहिलं. आता आपणच उठून सांगितलं तर आधीचे सगळे रिपोर्ट उकरतील. बाकी पुरावा बघायला कोर्ट आहे ना? तू यापुढं प्रत्येक जेलला बकरा लाव."

"हो, सर," मी म्हणालो.

तेव्हापासून मी प्रत्येक जेलला बकरा लावला. एकदाही चुकलो नाही. लोक त्याला शिस्त म्हणायचे.

पोळ्याच्या सुमारास वंदना पुन्हा आली. तोवर दोघांनाही जामीन मिळालेला होता. या वेळी दारातून आवाज आला नाही. स्टुलावर बसली, पाणी प्याली.

"दादा," तिनं मला साहेब म्हटलं नाही, "मले केसचं काही नाही विचाराचं. ती चालन तशी चालन. एकच सांगा. माया भावानं मले फसवलं का?"

मी नळ्यांच्या स्टँडकडे बघत राहिलो.

"हे म्हनतात, मशीनची आपल्याशी कायची दुश्मनी? मानूस खोटं बोलन, मशीन कायले बोलन? तुया भावानंच मांडीच्या जागी चितळ घातलं. मी म्हनलं, मीच धुतलं ना ते मटन. तं म्हनते, भावाचं हाये म्हनून तुले वळखू नाही आलं." ती थांबली. "आता मलेच समजून नाही राह्यलं. मी धुतलं तवा काय होतं हातात? या राखीले मी गेली नाही त्याच्याकडं. तुमी मशीनवाले. सांगा."

ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. मला एकच शब्द बोलायचा होता.

"रिपोर्टात आहे ते आहे, ताई," मी म्हणालो.

"म्हनजे फसवलं."

मी मान हलवली नाही. नाही म्हणूनही हलवली नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि गेली. मी हात धुतले. त्या दिवशी मी कशालाच हात लावलेला नव्हता.

पुढचं मला वनखात्याच्या गार्डनं सांगितलं. तो नमुने घेऊन यायचा आणि चहा पिता पिता सगळ्या खबरी द्यायचा. सुदामच्या गावात त्याचे वाटे कुणी घेईना. घरात मटण शिजलं आणि कुणी चौकशीला आलं तर काय घ्या, म्हणून जुनी गिऱ्हाइकंसुद्धा तोंड फिरवून जायची. एक-दोन रविवार त्यानं पानं मांडली, आणि पाठ फिरवून नाव घ्यायलाही कुणी उभं राहिलं नाही. त्यानं शेरडं विकली. दसरा झाल्यावर ऊसतोडीच्या टोळीत नाव दिलं. आयुष्यात कधी ऊस तोडलेला नव्हता. तिकडं उसाची ट्रॉली उलटली, तिच्याखाली तो गेला. गाडीतून गावी आणला.

"साळा मेला, तरी प्रल्हाद मातीले नाही गेला," गार्ड म्हणाला. "पक्का मानूस."

मी चहा संपवला. मला हेही सांगायला पाहिजे की त्या रात्री मला झोप लागली. आपण मोडून पडलो, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. मी आणखी बरेच महिने जेल लावत राहिलो आणि प्रत्येक जेलला बकरा लावत राहिलो. तो पट्टा जागेवर आला की वहीत खूण करायची, एवढंच.

मग साक्षीचं समन्स आलं. मटण चितळाचं होतं हे आता मला शपथेवर सांगायचं होतं. सर म्हणाले, रिपोर्ट वाचून दाखव आणि ये. कोर्टात मी काय बोललो ते तिथल्या कागदावर आहे. निकाल अजून लागलेला नाही. नोकरी राहिली नाही, आणि त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण कोर्टाला खरं सांगण्याआधी ते प्रल्हादला सांगायला हवं होतं, म्हणून मी एक दिवस आधी उमरखेडला उतरलो.

हॉटेलाच्या पाटीवरचं 'मटण' पांढऱ्या रंगानं पुसलेलं होतं. प्रल्हाद भजी तळत होता. सडसडीत, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. वंदना भांडी घासत होती, तिनं मला ओळखलं आणि तिचे हात थांबले.

मी उभ्या उभ्याच बोललो. "ते बकऱ्याचंच होतं. माझी चूक झाली. रिपोर्ट चुकीचा होता."

प्रल्हादनं गॅस बंद केला. कढईतली भजी झाऱ्यानं वर काढली.

"मंग चितळ कोठून आलं?"

"चितळ नव्हतंच. गारठ्यात बकऱ्याचा पट्टा मागे राहिला. बर्फ लावला होता मी. थंडीत तो तुकडा ताठरतो, अडकतो, म्हणून चितळाएवढा दिसला."

"म्हनजे थंडी वाजली म्हनून बकऱ्याचं चितळ झालं?"

"हो."

"मले आतमंदी कंबल भेटला होता," प्रल्हाद म्हणाला. "त्याले नाही भेटला का?"

तो हसतोय असं मला क्षणभर वाटलं. हसत नव्हता. झाऱ्यातली भजी त्यानं पुन्हा गॅस बंद असलेल्या कढईत सोडली, आपण काय करतोय हे न कळून.

"तुमाले कधी समजलं हे?" वंदनानं विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "तुम्ही पोळ्याच्या वेळी आलात," मी म्हणालो, "तेव्हा माहीत होतं."

तिनं एक भांडं उचललं. मला वाटलं, फेकून मारेल. तिनं ते पालथं घालून जागेवर ठेवलं, दुसरं घेतलं, तेही पालथं घातलं.

"मी मातीले गेलो नाही त्याच्या," प्रल्हाद कुणालाही न उद्देशून म्हणाला. "ही गेलती. तं हिच्या मायनं घरात घेतलं नाही. 'मशीनवर भरोसा ठेवला न, जाय मशीनकडंच,' म्हने." त्यानं फडक्याला हात पुसले. "वंदना, चपला घाल. तुमी बी चला. आमाले सांगून काय फायदा? आमी तं जिते हावो."

मोटारसायकलवर प्रल्हाद, मध्ये मी, मागे ती. असे आम्ही सुदामच्या नदीकाठच्या गावी गेलो. सुदामची आई टिनाच्या घरापुढे सुपात तूर पाखडत बसलेली होती. जावयाला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. लेकीकडे बघितलं नाही. सूप थांबलं नाही.

"हे लॅबवाले हायेत," प्रल्हाद म्हणाला. "तुमाले काही सांगाचं म्हन्तात."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. खालच्या आवाजात, जमेल तेवढं नीट सांगितलं. मटण बकऱ्याचंच होतं. सुदामनं कुणाला फसवलं नव्हतं. चूक माझी होती, ती मला कळली होती आणि मी गप्प बसलो.

म्हातारीनं कानाला हात लावला. "काय?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. शेजारच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली.

"आयकू नाही येत, बावा. जोरानं बोल."

मी उभा राहिलो. मी जन्मात कधी रस्त्यात मोठ्यानं बोललेलो नाही. घरात भांडतानाही माझा आवाज चढत नाही. मी ओरडून म्हणालो, "सुदामनं बकराच कापला होता! चितळ नव्हतं! चूक माझी होती!"

समोरची दारं उघडली. पारावरची माणसं उठून आली, कुणी दाढी करता करता, अर्ध्या गालाला फेस तसाच. ज्यांनी पानावरचे वाटे घेणं सोडलं होतं, तीच ही माणसं असणार. कुणी खाली बघत होतं, कुणी माझ्याकडे.

"अजून जोरानं," म्हातारी म्हणाली.

माझा आवाज फाटला होता. वंदना पुढे झाली. किती तरी दिवसांनी ती आईशी बोलत असावी. "माय," ती म्हणाली, "तुले तं सारं आयकू येते."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा लेकीकडे बघितलं.

"मले तं पयल्याच खेपेले आलं," ती म्हणाली. "गल्लीले आयकू येऊ दे. बोल, बावा."